उशिरा पेटलेलं काडतूस

आर्लिस ट्वेट आमच्या खोऱ्यातली शाळेची बस चालवते आणि त्या बसची दुरुस्ती माझ्याकडे असते. त्यामुळे तिची चिडचिड सगळ्यात आधी माझ्याच कानावर पडते. मी गाडीखाली उताणा पडलेला असतो, ती चाकापाशी उभी राहून बोलते. गेल्या वर्षभरात तिनं एकच विषय धरला होता, तो म्हणजे प्रायमर.

मोंटानातल्या आमच्या बाजूला निम्मी घरं आपली काडतुसं आपणच भरतात. झाडलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं साफ करायचं, बुडाच्या खळग्यात नवा प्रायमर दाबून बसवायचा, वरून मोजून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी. प्रायमर म्हणजे टिकलीएवढी धातूची वाटी. चाप ओढला की बंदुकीतली सुई तिच्यावर आपटते, ठिणगी उडते आणि आतली दारू पेट घेते. वस्तू एवढीशी, पण तिच्यापायी आर्लिसनं बापाशी वर्षभर भांडण मांडलं होतं.

सुरुवात आदल्या नोव्हेंबरात झाली. त्या आठवड्यात थंडी अशी पडली होती की माझ्या सगळ्या बसगाड्यांचं डिझेल गोठलं, शाळा बंद ठेवावी लागली. आर्लिसला सुट्टी मिळाली, म्हणून ती आणि तिचा बाप ओबर्ट एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला गेले. ओबर्ट तेव्हा त्र्याऐंशीचा. आर्लिसला बंदूक धरायला त्यानंच शिकवलं, काडतुसं भरायलाही त्यानंच. ती डोंगराच्या धारेवर पालथी पडली, समोर उतारावर मोठा नर एल्क आडवा उभा राहिला. तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला. नुसतं टक् झालं. काडतूस फुसकं निघालं असं वाटून तिचे हात क्षणभर सैल पडले, आणि तेवढ्यात बंदूक धाडकन उडाली. गोळी बरगडीत लागायची ती मागच्या पायात लागली.

बर्फात रक्ताचा माग काढत दोघं अंधार पडेपर्यंत हिंडली. मग वारा सुटला, माग बुजला. जनावर सापडलं नाही.

आमच्याकडे नेम चुकला तर लोक हसतात आणि विसरतात. जखमी जनावर मागे सोडून आलात तर हसत नाहीत. आर्लिसनं झालं ते बापाला सांगितलं, की काडतूस उशिरा पेटलं. घरी आल्यावर ओबर्ट बूट काढता काढता म्हणाला, "दचकलीस तू. वय झालं की होतं असं. आता ठेव बंदूक."

"डॅड, मी सत्तावन्न वर्षांची आहे."

"मग काय कमी आहे?"

तो घाव तिला खोल लागला. पुढे मर्लच्या दुकानात बंदुकीचं तेल घ्यायला गेली, तर मर्ल म्हणतो, "काय आर्लिस, गोळी उशिरा निघाली म्हणे? बसची वाट बघत होती का?" चार माणसं होती, चारही हसली. मी पण त्यांच्यात होतो.

उन्हाळ्यात शाळा बंद असताना तिनं डोकं लढवलं. ओबर्ट चाळीस वर्षं ज्या दारूवर काडतुसं भरत आला होता ती दारू दुकानात येईनाशी झाली होती, म्हणून त्या शिकारीच्या आधीच्या वसंतात आर्लिसनं दुसरी आणली होती. जुनीचे बारीक लांबट तुकडे असत, नवी मोहरीसारखी गोल दाण्यांची. मापात छान घरंगळायची, म्हणून तिला आवडली. तिनं दारू बदलली, पण प्रायमर तोच साधा ठेवला. शेवटी दारूच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणी ऐकवून झाल्यावर एक माणूस बोलला.

ते तिनं मला बसपाशी येऊन सांगितलं. "त्यानं मला पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? तुमच्याकडे थंडी किती पडते? मी म्हटलं, थुंकलं तर खाली पडेपर्यंत गोटी होते. तो म्हणाला, बाई, गोल दाण्याची दारू मुळातच आळशी, चटकन पेट घेत नाही. कडाक्याच्या थंडीत तिला मोठ्या ज्वाळेचा प्रायमर लागतो, मॅग्नम. साध्याची ठिणगी कधी पुरते, कधी नाही."

"मग झालं तर," मी खालून म्हटलं. "सांग बापाला."

"सांगितलं. म्हणाले, फोनवरच्या पोरांना काय कळतंय. प्रायमर तो प्रायमर, काडी ती काडी. मी म्हटलं, वाळल्या लाकडाला आणि ओल्या लाकडाला एकच काडी पुरते का? तर म्हणे, तुझ्या बंदुकीतलं तेल थंडीनं घट्ट झालं असेल, सुई हळू पडली असेल. मी सुई पेट्रोलनं धुऊन कोरडी करून नेली होती, लेलंड! त्यांच्यासमोर धुतली होती!"

लेलंड म्हणजे मी.

आता मॅग्नम प्रायमर आणायचे एवढंच राहिलं होतं. पण ते वर्ष असं होतं की देशभरात प्रायमर मिळेनासे झाले होते. लोकांनी भीतीपोटी खोक्यांनी घेऊन तळघरं भरून ठेवली आणि दुकानं ओस पडली. मर्लच्या दुकानातल्या त्या फळीवर तर बेसबॉलच्या टोप्या मांडल्या होत्या.

"पिस्तुलाचे आहेत बघ थोडे," मर्ल म्हणाला. "मोठ्या मापाचे. रुंदी तीच. बसतात."

"बसतात रे. जावयाचे बूट सासऱ्यालाही बसतात. पिस्तुलाचा प्रायमर उंचीला कमी आणि पत्र्याला पातळ. रायफलचा दाब आला की पत्रा फाटून तापलेला वायू माझ्या डोळ्यात. तू वापर."

"मी आपलं सुचवलं."

"सुचवू नकोस."

मग कुणीतरी सांगितलं की डोंगरापलीकडच्या शहरात एकाकडे मॅग्नम आहेत. फोनवर त्यानं छातीठोक सांगितलं, आहेत. आर्लिस अर्धा दिवस गाडी हाणत गेली, डबी घेऊन आली, घरी उघडून बघते तर मॅग्नम खरेच, पण लहान मापाचे. तिच्या काडतुसाच्या खळग्यात ते धान्याच्या कोठीत वाटाणा टाकावा तसे खुळखुळले. फोन केला तर तो म्हणतो, "तुम्ही मॅग्नम म्हणालात, मी मॅग्नम दिले. लहान की मोठे ते कुठे बोललात?" आणि खरंच, ती बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं बसचा दरवाजा असा आपटला की मला बिजागरी बदलावी लागली.

तिचा चुलतभाऊ कर्टिस एक कॉफीचा डबा घेऊन आला. आत सुटे प्रायमर, मूठ दोन मूठ. "हे घे, मॅग्नमच आहेत बहुतेक."

"बहुतेक?"

"काही साधे पण असतील. दिसायला सगळे सारखेच की."

"दिसायला सगळे सारखे असतात म्हणूनच ते मूळ डबीत ठेवतात, कर्टिस! आणि पत्र्याच्या डब्यात सुटे खुळखुळवत आणलेस? उडाले असते म्हणजे? बाहेर ने. हळू. गाडीत नको, पायी ने."

कर्टिस रुसला. आजी गेली तेव्हापासून या घराला माणुसकी उरली नाही, असं काहीतरी बोलून डबा छातीशी धरून पायी निघून गेला.

तोवर सप्टेंबर उजाडला होता आणि एक नवीच गोष्ट घडली होती. ओबर्टला नर एल्कचा परवाना लागला. खाली साधा परवाना चालतो, पण वरच्या डोंगरपट्ट्यात नर मारायचा तर सोडतीत नाव यावं लागतं. कित्येकांचं जन्मात येत नाही. ओबर्ट दर वर्षी अर्ज टाकायचा, आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याचं नाव निघालं. गुडघे गेलेले, दम लागायचा. ही शेवटची शिकार हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. परवाना त्याचा, म्हणून नरावर गोळी फक्त त्यानंच झाडायची. आर्लिस सोबत असली तरी तिनं हात लावायचा नाही.

आता तिला दुप्पट घाई झाली. "माझं सोडा," ती म्हणायची. "यांच्या बंदुकीत तीच दारू, तेच साधे प्रायमर. ऐन वेळी टक् झालं तर?"

प्रायमर मिळाले ते डेल्फीनकडे. तिचा नवरा व्हर्न वसंतात वारला. हाडाचा काडतूसवाला होता. तळघरात त्याची खोली होती, आणि तो गेल्यापासून डेल्फीननं तिचं दार उघडलं नव्हतं. आर्लिसनं विचारल्यावर तिनं हातातला फडका पिळला. मग म्हणाली, "हवं ते घे. पण ते जड टेबल आणि सगळी यंत्रं वर काढून द्या मला. जिना उतरले की त्या दारूचा वास येतो आणि मला वाटतं तो खालीच आहे, जेवायला हाक मारायचीय."

आम्ही दोघांनी ते टेबल तुकडे सुटे करून वर काढलं. फळीवर सगळं जागच्या जागी, सीलबंद डब्यांत, व्हर्नच्या हातची चिठ्ठी प्रत्येकावर. मोठ्या मापाचे मॅग्नम होते. आर्लिसनं डबी खिडकीपाशी नेऊन तीनदा वाचली. डेल्फीन दारात उभी होती.

"तो असता ना," ती म्हणाली, "तर तासभर भाषण दिलं असतं आणि मग मोजून एक डबी दिली असती. तू दोन ने."

इथे एकदाचं संपलं असं मला वाटलं. पण प्रायमर बदलला म्हणून जुन्या मापानं दारू घालता येत नाही. जास्त आग म्हणजे जास्त दाब, आणि जास्त दाब म्हणजे कधी कधी बंदुकीचे तुकडे. आर्लिसनं दारू बरीच कमी केली आणि पायरी पायरीनं वर चढत गेली. दर शनिवारी मुरुमाच्या खाणीत जाऊन झाडायची, झाडलेलं प्रत्येक नळकांडं उन्हात धरून बघायची, बुडाचा प्रायमर चपटा झालाय का, काडतूस आत-बाहेर करणारा बोल्ट उघडताना अडतोय का. आधी स्वतःच्या बंदुकीत, मग तितक्याच सावकाश बापाच्या बंदुकीत. ओबर्ट गाडीत काच अर्धी खाली करून कॉफी पीत बघायचा.

"जुने साधेवाले पण झाड की," तो ओरडायचा. "फरक दाखव."

आणि फरक दिसेना! त्या वर्षी ऑक्टोबर असा उबदार की माणसं अर्ध्या बाह्यांत फिरत होती. साधा प्रायमर असो की मॅग्नम, दोन्ही एकदम धाड. आर्लिसनं जुनी काडतुसं रात्रभर मटाराच्या पिशव्यांखाली बर्फपेटीत ठेवली, सकाळी तशीच खाणीत आणली. झाडली. एकजात सगळी उडाली. कधी पटकन, कधी आणखी पटकन.

"झालं समाधान?" ओबर्ट म्हणाला. "प्रायमर चांगलाय. बोट दचकलं."

"बंदूक उन्हात तापलीय, डॅड! नळी गरम आहे, काडतूस आत गेल्या गेल्या ऊब धरतं! डोंगरावर सगळंच गारठलेलं असतं!"

"हो, हो. दर खेपेला काहीतरी असतंच."

तिनं कानावरची संरक्षक टोपी काढून मुरुमात आपटली आणि गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी जवळ गेलो तर डोळे पुसत होती. "मला ते खोटे पडायला नकोत, लेलंड," ती म्हणाली. "एकदा, फक्त एकदा त्यांनी म्हणावं, तू सांगतेस ना, मग असेल तसं. पुरावा मागू नये."

मी टोपी उचलून झटकून दिली.

थंडी आली ती हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, आणि आली ती दात विचकतच. शाळेला सणाची सुट्टी होती, आम्ही तिघं पहाटे निघालो. मी ओबर्टची पिशवी घ्यायला. आर्लिसनं बापासाठी भरलेली, बुडाला लाल खूण केलेली मॅग्नमची काडतुसं आदल्या संध्याकाळीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्याच्या कपाशेजारी ठेवली होती. वाट अर्धी चढल्यावर तिनं विचारलं, "डॅड, माझीच भरलीत ना?"

"भरलीत," ओबर्ट म्हणाला. कुठली ते बोलला नाही.

धारेपाशी पोहोचायला त्याला फार वेळ लागला. दर थोड्या अंतरावर थांबून तो डोंगराकडे बघतोय असं दाखवायचा आणि आम्हीही बघायचो. वर पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं. मिशांवर बर्फाचा थर, पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. पिशवी टेकण म्हणून मांडून ओबर्ट पालथा झाला. त्याच्या डाव्या हाताला आर्लिस, मी मागे.

नर आला तो देवदारांतून, कुणी बोलावल्यासारखा. शिंगं मागे टाकलेली, नाकातून वाफेचे लोट. उघड्यावर आला, आडवा झाला, थांबला. मी जन्मात इतकं मोठं जनावर इतकं जवळ पाहिलं नाही. आर्लिसनं बापाच्या खांद्याला नुसतं बोट लावलं. आता.

टक्.

मी ते स्वच्छ ऐकलं. ओबर्टचं डोकं किंचित वर झालं, हनुवटी बंदुकीपासून सुटली. आणि मग धाड! गोळी नराच्या पोटाखाली बर्फात घुसली, पांढरा फवारा उडाला. नर वळला, दोन उड्यांत झाडीत शिरला. फांद्या मोडल्याचा आवाज लांब लांब जात संपला.

ओबर्ट बंदुकीकडे असा बघत होता, जसं घरचंच कुत्रं त्याला चावलं होतं.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं," आर्लिस म्हणाली. तिनं त्याच्या हातातून बोल्ट मागे ओढला, नळकांडं बर्फावर पडलं. तिनं उचललं, बूड बघितलं. मग बंदुकीतली उरलेली बाहेर काढली. एकावरही लाल खूण नाही, सगळी जुनी.

जंगलात मोठ्यानं बोलायचं नसतं हे तिला त्यानंच शिकवलेलं. पण ती ओरडली. असा आवाज मी तिचा बसभर पोरं दंगा करताना पण ऐकला नाही. "टेबलावर ठेवली होती! कपाशेजारी! वर्षभर मी रस्ते तुडवले, टोमणे खाल्ले, व्हर्नचं तळघर उपसलं, आणि तुम्ही ती बाजूला सारून ही घेतलीत? का? मला खोटं पाडायला?"

"नाही."

"मग?"

ओबर्टनं हातमोज्यानं नाक पुसलं. "तुझी घेतली असती आणि गोळी नीट गेली असती," तो हळू म्हणाला, "तर कळलंच नसतं. तुझ्यामुळे गेली की नेहमीसारखीच गेली. मला कळायला हवं होतं."

"आणि एल्क?"

त्यानं हात पुढे केला. "तुझं दे एक."

तिनं खिशातून काढून दिलं. ते बराच वेळ त्या थंडीतच होतं. ओबर्टनं भरलं, समोरच्या वठलेल्या बुंध्यावर नेम धरला. चाप आणि आवाज यांच्यामध्ये नखभरही जागा नव्हती. बुंध्याची ढलपी उडाली. पडल्या पडल्याच, तिच्याकडे न बघता ओबर्ट बोलला, "गेल्या वर्षीचं ते जनावर. ते मी तुझ्या माथ्यावर टाकलं. टाकायला नको होतं."

आर्लिसनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला मागून दिसलं नाही. मग ती म्हणाली, "उठा, पाय गारठतील," आणि त्याला काखेत हात घालून उठवलं.

आम्ही नराचा माग बघितला. रक्ताचा थेंब नाही, केससुद्धा नाही. निदान तेवढं तरी बरं झालं. उरलेले दिवस आम्ही रोज वर गेलो, ओबर्टच्या बंदुकीत आता मुकाट मॅग्नमवाली. शेवटच्या दिवशी तो पायथ्यापासून पुढे चढूच शकला नाही. गाडीत बसून दुर्बिणीनं बघत राहिला. सूर्य मावळला, हंगाम संपला, परवाना कोराच राहिला.

त्यानंतर मर्लच्या दुकानात तो सगळ्यांना सांगत सुटला. पोरगी दचकली नव्हती, काडतूसच उशिरा पेटलं, मी स्वतः अनुभवलंय. पण दोष दिला कशाला? दारूला! "आजकालची दारूच भिकार," तो म्हणाला. "आमच्या वेळची असती तर हे झालंच नसतं."

आर्लिस तिथेच उभी होती. "दारू चांगलीय, डॅड. प्रायमर चुकीचा होता."

"तेच म्हणतोय मी. चांगल्या दारूला कुठलाही प्रायमर चालतो."

मर्लनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

सोमवारी सकाळी ती बसपाशी आली तेव्हा मी इंजिनात डोकं घालून होतो. मी म्हटलं, "आता तरी खूश? खरी ठरलीस."

"खरी ठरले," ती म्हणाली. "आणि त्यांचा एल्क गेला. पुढच्या वर्षी त्यांना धारेपर्यंत चढता येणार नाही, लेलंड. मी खोटी ठरले असते आणि त्यांना तो मिळाला असता, तर काय बिघडलं असतं?"

मग तिनं घड्याळाकडे बघितलं, शिवी हासडली, वर चढून बसली. पोरं थंडीत वाट बघत होती.